दहाव्या चालीनंतर

सर, काळ्या मोहऱ्यांनी दहा चाली नीट झाल्यावर पुढं काय करायचं, हे तुम्हाला विचारायचं आहे. तुम्ही जाऊन वीस वर्षांहून जास्त झाली, त्यामुळं उत्तराची घाई नाही. मधल्या वर्षांत मला तुमची रोज आठवण येत होती असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. लोहाऱ्यात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, मी त्यांच्यातली काळी पडलेली तार उपसून काढतो आणि नवी गुंडाळून देतो. उन्हाळ्यात तर मान वर करायला सवड नसते. आठवण यायची ती अशीच, एखाद्या दुपारी वीज गेली की, किंवा मुलीसमोर पट मांडताना पांढऱ्या घोड्याच्या जागी खडू ठेवला की. पण गेल्या महिन्यात धाराशिवला दोन दिवस जे झालं त्यात तुम्ही सारखे मध्ये येत राहिलात. त्याचं काय करावं हे कळेना, म्हणून लिहायला बसलो.

गावात बुद्धिबळ तुम्ही आणलं असं आताच्या लोकांना वाटतं. तुम्हाला माहीत आहे, तसं नव्हतं. महादेवाच्या देवळाच्या कट्ट्यावर दगडातच पट कोरलेला होता आणि माझे आजोबा, त्यांच्या वयाचे आणखी दोघं-तिघं, तिथं रोज खेळत. नियम गावचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार. राजाला शह बसलेला नसेल तर तो एकदाच घोड्यासारखी उडी मारू शकणार. आणि प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्याच्या घरात पोचलं तोच होणार, हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. हवा म्हणून वजीर करता येत नसे. तुम्ही नळदुर्गाकडून बदली होऊन आलात, आम्हाला भूगोल आणि शास्त्र शिकवायला लागलात, आणि संध्याकाळी त्या कट्ट्याजवळ येऊन नुसते उभे राहायचात. देवळाचा कट्टा, आपण मुसलमान माणसानं बसावं की नाही, असं तुमच्या मनात असणार. शेवटी आजोबाच खेकसले, "ओ मास्तर, उभं राहून राहून मान अवघडंल. बसा की, देव काय म्हणत न्हाय." तुम्ही बसलात, आणि बसल्या बसल्या सांगून टाकलंत की बाहेर सगळीकडं पहिल्या चालीला प्यादं दोन घरं जातं.

"दोन घरं?" आजोबा म्हणाले. "आजच कामावर आलं आन् आजच बढती? तुमच्या सरकारी खात्यात असंल मास्तर. आमच्याकडं न्हाय."

म्हाताऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही. तुम्ही मग नाद सोडून शाळेत पोरांना धरलंत आणि त्यातला मी टिकलो. पण माझा हात आजोबांच्या पटावर तयार झालेला. दोन घरं जायचं डोक्याला कळायचं, हाताला कळायचं नाही. तुम्ही समोरून प्यादं दोन घरं टाकायचात, मी एकच सरकवायचो, तुम्ही कपाळाला हात लावायचात. हे किती दिवस चाललं कुणास ठाऊक. मग एका रविवारी सकाळी तुम्ही सायकलवर आमच्या दारात. हातात जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा, कोपऱ्यात बुद्धिबळाचा एक डाव छापलेला. माझी आई घाबरली, मास्तर सुट्टीच्या दिवशी घरी आले म्हणजे पोरानं काहीतरी केलं. तुम्ही सायकलवरून न उतरताच ओरडलात, "अरे, तुझा हात बिलकुल चुकत न्हाय! काळ्यानं पहिल्या चालीला एकच घर जायाचं, असा डाव हाय. मोठी मोठी माणसं खेळतेत."

त्या डावाला नाव आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी मोबाईलवर कळलं. ते परदेशी नाव मी मुलीला सांगितलं, पण घरात आम्ही अजून तुमचंच वापरतो, एका घराचा डाव. वजिराशेजारच्या उंटापुढचं प्यादं एक घर पुढं. पुढच्या चालीला वजिरापुढचं प्यादं दोन घरं, कारण आता त्याच्या पाठीला कुणीतरी आहे. तुम्ही मला तो डाव तुमच्या खोलीत शिकवलात. स्वयंपाकघर म्हणजे पडद्यामागचा एक कोपरा, तिथं भाभी भाकरी थापतायत, मधे पत्र्याची पेटी आणि पेटीवर रेक्झिनचा पट. त्या डावातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही मला पटावर नाही, खिडकीतून दाखवली. घरमालकीणबाई शेळी बाहेर काढून मग गोठ्याचं दार लावत होत्या. तुम्ही म्हणालात, "बघ. आधी शेळी बाहेर, मग दार. आधी दार लावलं तर शेळी दिवसभर आत ओरडंल." म्हणजे पांढऱ्या घरांवरून चालणारा आपला उंट आधी बाहेर काढायचा आणि मगच राजापुढचं प्यादं एक घर सरकवून दार लावायचं. तेवढं एक लक्षात ठेवलं की बाकीचे मोहरे आपोआप आपापल्या जागी बसतात, राजा कोपऱ्यात जातो, आणि दहाव्या चालीला काळ्याचं घर असं बंदोबस्तात असतं की समोरच्याला कुठून शिरावं ते कळत नाही.

तुम्ही मला कायम काळ्याच द्यायचात. भाभींना ते आवडायचं नाही. परातीतून मान वर न काढता त्या म्हणायच्या, "हमेशा त्याला काळ्याच? एकदा तरी पांढऱ्या द्या की हो लेकराला."

"पांढऱ्यानं कुणीबी खेळतंय," तुम्ही म्हणायचात. "काळ्यानं टिकाय शिकलं पायजे."

"आन् टिकून काय करायचं?" भाभी विचारायच्या.

तुम्ही हसायचात. मीही हसायचो, तुम्ही हसलात म्हणून. आता मला वाटतं की त्या खोलीत खरा प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. पण त्यांना खेळ येत नाही असं आपण दोघांनी धरलेलं होतं.

उमरग्याचा दिवस तुम्हाला आठवत असेल तर तो घोड्यामुळं. तेव्हा लोहारा तालुका झालेला नव्हता, स्पर्धा उमरग्याला होत्या. मी नववीत. शेवटच्या डावात मला काळ्या. दहा चाली तुम्ही शिकवल्या तशा झाल्या, समोरचा मुलगा घाम पुसत होता आणि मी निवांत. मग मला काही सुचेना. घर बांधून झालं होतं, शेळी बाहेर होती, दार लागलं होतं. मी हत्ती एक घर डावीकडं नेला. पुढच्या चालीला परत आणला. पुन्हा नेला, पुन्हा आणला. तोवर त्या मुलानं सगळी फौज माझ्या राजासमोर आणून उभी केली. पुढं मारामारी झाली, दोघांचीही घरं उघडी पडली, आणि त्या धुमाळीत माझं एक प्यादं कसंबसं पलीकडच्या टोकाला पोचलं. घोड्याच्या घरात पोचलं. मी कडेला पडलेला माझा मेलेला घोडा उचलला आणि तिथं ठेवला.

पंच म्हणजे तिथले खेळाचे शिक्षक. ते वाकून म्हणाले, "घोडा? नक्की?"

मी म्हणालो, "व्हय. घोड्याच्याच घरात आलंय की."

मागं उभी असलेली पोरं जी हसली ती अजून ऐकू येतात, पण त्याचं आता काही वाटत नाही. वजीर घेतला असता तर जिंकलो असतो. घोड्यानं काही होईना, आणि मी हरलो. मी रडायच्या बेतात बाहेर आलो. तुम्ही तोपर्यंत सगळं ऐकलेलं होतं. मला वाटलं घोड्यावरून बोलणी बसणार. तुम्ही म्हणालात, "घोडा माझी चूक. तुला सांगायचंच राह्यलं. पण हत्तीला येरझारा घालाय कुणी सांगितलं होतं? राखणदार हाय का तो?" एवढंच, पण आवाज चढलेला. सगळे मला हसत होते त्या गोष्टीला तुम्ही हसला नाहीत, आणि कुणाच्या लक्षातही आली नव्हती त्या गोष्टीवर चिडलात. मला ते तेव्हा अन्यायाचं वाटलं.

परतीच्या एसटीत आपण मागच्या बाकावर. बराच वेळ तुम्ही बाहेर बघत होतात. मी धीर करून विचारलं, "सर, मग काय करायला पायजे होतं?" गाडीनं कालव्याचा पूल ओलांडला, तेव्हा माझ्याकडं न बघताच म्हणालात, "दहाव्या चालीपर्यंत मी तुला आणलं. पुढचं मलाच कळत न्हाय रे." मग थोड्या वेळानं, "कागदावर तेवढंच छापलेलं होतं. खालचा भाग फाटलेला."

सर, मी पुष्कळ मास्तर पाहिले. आता मुलीचेही पाहतो. मला माहीत नाही असं वर्गात म्हणणारे थोडे, आणि एसटीत नापास पोराशेजारी बसून म्हणणारा दुसरा पाहिला नाही. पण त्या वेळी मला आदर वगैरे वाटला नाही. मला भीती वाटली. गुरुजींनाच पुढचं माहीत नसेल तर पुढं काही नसेलच, असं मी धरून चाललो आणि बरीच वर्षं धरून चाललो.

पुढच्या जूनमध्ये तुमची परांड्याकडं बदली झाली. जाताना पट आणि मोहरे मला दिलेत. एक पांढरा घोडा हरवलेला होता, त्याच्या जागी तुम्ही खिशातून खडूचा तुकडा काढून ठेवलात आणि म्हणालात, "शाळेत मिळत राहील." भूकंपात आमचं जुनं घर बसलं तेव्हा पट ठेवलेली पेटी सगळ्यांत आधी हाताला लागली ती यामुळं की ती दारापाशी होती, त्यात देवाची काही योजना होती असं मी सांगत नाही. पुनर्वसनात घर मिळालं, पट तिकडं आला. खडू झिजतो, मी नवा ठेवतो. तुम्ही वारल्याचं मला चार-पाच महिन्यांनी कळलं, परांड्याहून मोटार घेऊन आलेल्या एका माणसाकडून. त्याला वाटलं मला माहीत असेल. मी मोटार उघडून ठेवली होती, ती भरून दिली.

मुलगी दहावीत आहे. लहानपणापासून माझ्याशीच खेळते, आणि मी तिला काय शिकवणार, तुम्ही शिकवलं तेच शिकवलं. फक्त मी तिला पांढऱ्याही देतो. पांढऱ्यांनी ती मोबाईलवर बघून बघून काहीही खेळते आणि जिंकते. काळ्यांनी एका घराचा डाव. शेळी बाहेर, दार बंद, दहाव्या चालीला भक्कम, आणि मग हत्तीच्या येरझारा. मी तिला हत्ती शिकवला नव्हता, सर. तो तिच्या हातात आपोआप आला. घरात ठरलं होतं ते असं, आणि ते तिच्या आईनं ठरवलं असलं तरी मुलीनं मान्य केलं होतं: जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत पहिल्या पाचात आली तर लातूरला पुढच्या फेरीला जायचं आणि खेळ चालू ठेवायचा. नाही आली तर दहावीची परीक्षा होईपर्यंत पट माळ्यावर. बायकोचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मुलीला गणितात पास होण्याची चिंता नाही, पण बाकीचे विषय आहेत.

धाराशिवला आम्ही मेव्हण्याकडं उतरलो. पहिल्या दिवशी तिला पांढऱ्या आल्या तेव्हा ती जिंकली, काळ्या आल्या तेव्हा बरोबरी. दोन्ही बरोबऱ्यांत सारखंच, दहा चालींनंतर हत्तीच्या येरझारा. संध्याकाळी चहा घेताना ती म्हणाली, "पप्पा, तुमचा डाव म्हणजे दार लावून आत बसणं आहे. चोर येत नाही हे खरंय. पण आपण पण कुठं जात नाही."

"मोबाईल काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो म्हणतो दोघं सारखे. चाल पण सांगतो. पण कशासाठी ते सांगत नाही. मी ती चाल केली की समोरचा भलतंच करतो आणि मग मला काहीच कळत नाही." मग माझ्याकडं बघून, "तुम्ही पण नाही सांगत. तुमच्या सरांनी सांगितलं असेल ना तुम्हाला?"

मेव्हणा टीव्ही बघता बघता म्हणाला, "दाजी, तुमच्या सरांनी तुम्हाला घोडा करायला सांगितलं होतं म्हणे." ही गोष्ट सासुरवाडीपर्यंत कशी गेली ते मला माहीत नाही. सगळे हसले, मुलगीही, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवसाची यादी लागली होती. शेवटच्या डावात तिला काळ्या. जिंकली तर पाचात. बरोबरी झाली तर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी मेव्हण्याच्या देवघरात पूजेला बसलो. तुम्हाला आमची पूजा माहीत आहे, मी कपाळावरची विभूती ओली घेऊन तुमच्याकडं यायचो तेव्हा तुम्ही विचारायचात, "झालं का बघून?" डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायचं आणि त्याच्याकडं बघायचं. काही मागायचं नसतं. मी वडिलांकडून असंच शिकलो. त्या दिवशी मात्र मी मागत बसलो होतो, आणि ते मला कळत होतं, म्हणून मन जागेवर येईना. मग मागणं सोडलं आणि नुसतं बघत राहिलो. तर तळहातावर पट दिसायला लागला. असं व्हायला नको होतं. पण मी त्याच्याशी भांडलो नाही, तोही बघितला. दहावी चाल झालेली. पांढऱ्याचं राजापुढचं प्यादं आपल्या हद्दीत घुसून बसलेलं, आपण त्याच्याकडंच बघत, त्यालाच भीत बसलेले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी नजर त्याच्यावरून एक घर खाली सरकली. ते प्यादं स्वतःच्या जोरावर उभं नव्हतंच. त्याच्या मागच्या तिरक्या घरात पांढऱ्याचं वजिरापुढचं प्यादं होतं, हे त्याच्या खांद्यावर उभं. मग मला आपलं पहिलं प्यादं दिसलं, उंटापुढचं, जे पहिल्या चालीला एकच घर गेलं होतं. त्याचं दुसरं घर अजून शिल्लक होतं. ते आता टाकलं की सरळ त्या खांद्याला जाऊन भिडतं. आजोबांच्या पटावर दुसरं घर नंतर, गरज पडली की, टाकायचंच होतं. ते मी तुमच्या डावात कधी टाकलंच नाही. पहिल्या चालीला एक घर गेलं म्हणजे त्या प्याद्याचं काम झालं असं मला वाटत होतं. कालव्याच्या पुलापासून आजपर्यंत वाटत होतं.

रिक्षात मी तिला सांगितलं. म्हणालो, "पुढं आलेल्या प्याद्याकडं बघायचं नाही. ते कुणाच्या खांद्यावर उभं आहे त्याच्याकडं बघायचं. आणि आपलं पहिलं प्यादं, त्याचं एक घर राहिलंय, ते त्या खांद्यावर टाकायचं."

ती वळून बघायला लागली. "हे कधी सुचलं तुम्हाला?"

पूजेत सुचलं म्हणालो असतो तर ती हसली असती, आणि डावाच्या तासाभर आधी तिनं हसावं असं मला वाटत नव्हतं. मोटारी भरणाऱ्या बापाच्या डोक्यातून आलं म्हणालो असतो तर तिनं मान डोलावली असती आणि हत्तीच फिरवला असता. मी म्हणालो, "आमचे सर म्हणायचे."

"मग कालच सांगायचं ना!" ती म्हणाली. रिक्षावाल्यानंही आरशातून माझ्याकडं बघितलं, तोही तिच्याच बाजूनं.

पालकांना हॉलमध्ये सोडत नव्हते. सायकल स्टँडच्या बाजूला एक खिडकी होती, तिथून तिचा पट तिरका दिसत होता. समोरची मुलगी तिच्याच वयाची, शांत, शिकवणीला जाणारी असावी, प्रत्येक चाल करून नीट लिहून ठेवत होती. दहा चाली झाल्या. तुम्ही बघितलं असतं तर ओळखलं असतं, उमरग्याला एसटीत बसायच्या आधीचा माझाच पट. मुलीचा हात उठला आणि हत्तीच्या वर जाऊन थांबला. या खेळात हात लावला की तोच मोहरा चालवावा लागतो. मी खिडकीचे गज धरून उभा होतो. मी देवाचं नाव घेतलं नाही, सकाळचं मागणं पुरेसं झालं होतं. तिनं हात मागं घेतला, दोन्ही हात मांडीखाली घालून बसली आणि पटाकडं नुसतं बघत राहिली. बराच वेळ. मग उंटापुढचं प्यादं एक घर पुढं टाकलं.

समोरच्या मुलीची पेन्सिल थांबली. तिनं विचार केला आणि ते प्यादं मारलं. मारायला तिचं खांद्याचं प्यादं जागेवरून हललं, आणि पुढं घुसलेलं उघडं पडलं. माझ्या मुलीनं घोडे एकामागून एक तिकडं वळवले, इतकी वर्षं दाराआड बसलेले घोडे, आणि थोड्याच चालींत ते प्यादं उचलून कडेला ठेवलं. उचलताना तिनं खिडकीकडं बघितलं नाही. मला ते आवडलं. एवढ्यात एका पंचानं मला पाहिलं आणि हातानं लांब व्हायची खूण केली. मी सायकल स्टँडच्या पत्र्याखाली जाऊन बसलो.

ती बाहेर आली ती सगळ्यांच्या शेवटी. बरोबरी. एक प्यादं जास्त होतं, पट तिचा होता, आणि मग तिला पुढं काही सुचलं नाही. हत्ती डावीकडं नेला, परत आणला, पुन्हा नेला. समोरच्या मुलीनं तेवढ्यात आपलं घर नीट करून घेतलं. यादीत ती सहावी. तीच आधी म्हणाली, "पण सरांचं बरोबर होतं पप्पा. खांदाच होता तो."

लोहाऱ्यापर्यंत एसटी मिळाली, तिथून जीप. जीपमध्ये ती मधल्या बाकावर एका म्हातारीच्या पिशवीला टेकून बसली होती. माकणीच्या अलीकडं, कालव्याच्या पुलाजवळ, तिनं मागं वळून विचारलं, "आणि प्यादं मिळाल्यावर? त्याच्यापुढं सर काय म्हणायचे?"

मला एक गोष्ट नोंदवायची आहे. त्या पुलावर तुम्ही तेव्हा जे बोलला होतात ते त्या क्षणी मलाही बोलता आलं असतं. वाक्य तयार होतं, जागा तीच होती. मी म्हणालो, "सांगतो. परीक्षा होऊ दे."

म्हातारीनं पिशवी सावरत विचारलं, "कोण सर गं?"

"पप्पांचे सर," मुलगी म्हणाली. "लई हुशार होते."

घरी आल्यावर ठरल्याप्रमाणं पट तिनं स्वतः माळ्यावर ठेवला. आईनं सांगायची वाट बघितली नाही. खडू तेवढा काढून दप्तरात टाकला, वर्गात लिहायला होईल म्हणाली. आता ती आतल्या खोलीत इतिहास वाचते आहे, मोठ्यानं. मधेच विचारलं, काय लिहिताय. मी म्हणालो काही नाही.

हे तुमच्यापर्यंत जाणार नाही, आणि गेलं नाही तर बरंच, कारण तुम्ही खोटं चालवून घेणारे नव्हतात. पुलावर तुम्ही माहीत नाही म्हणालात, आणि मी मात्र घरात, रिक्षात, जीपमधल्या एका अनोळखी म्हातारीपर्यंत, तुम्हाला माहीत होतं असं करून ठेवलं आहे. ते मागं घेण्याचा माझा विचार नाही. मार्चमध्ये परीक्षा संपली की पट खाली येईल आणि ती पहिल्यांदा तेच विचारणार. रोज सकाळी पूजा झाली की मी थोडा वेळ तसाच बसतो. प्यादं मिळाल्यावर पुढं काय करायचं, याबद्दल तुम्ही काय म्हणाला होतात, ते मला तोपर्यंत शोधून काढायचं आहे.